शाळेतील लॅपटॉपचा ताप : कारणे व उपाय

उन्हाळा वाढू लागला की नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांतील प्राथमिक शाळा सकाळच्या सत्रात भरविल्या जातात. मुलांना उन्हाची बाधा होऊ नये, हा त्यामागील हेतू. मुले घरी गेल्यावर मात्र शिक्षकांचे एक काम शिल्लक राहते. विद्यार्थ्यांची माहिती भरणे, निकालपत्रके तयार करणे, केंद्राकडे तक्ते पाठविणे ही कामे बहुधा दुपारीच, पत्र्याच्या कार्यालयात, शाळेच्या एकुलत्या एका लॅपटॉपवर होतात. अशा वेळी यंत्र संथ होते, पंखा घरघरू लागतो, आणि अर्धी माहिती भरून झालेली असताना पडदा एकाएकी काळा होतो. “लॅपटॉप जुना झाला” असे म्हणून पुष्कळ ठिकाणी तो कपाटात ठेवून दिला जातो. वस्तुतः यांपैकी बरीच यंत्रे जुनी झालेली नसतात. ती तापलेली असतात. आणि तापाचे कारण सापडले तर उपायही बहुधा शिक्षकाच्या हाताशीच असतो.

या वस्तूचे मोल निराळे सांगावयास नको. ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने सुरू झाला, आणि त्यानंतरच्या वर्षांत गावोगावच्या शाळा लोकसहभागातून ‘डिजिटल’ झाल्या. कोणी शेतकऱ्याने सोयाबीनच्या पट्टीतून, कोणी मजुराने हजेरीतून वर्गणी दिली, तेव्हा लॅपटॉप व प्रोजेक्टर शाळेत आले. अशी वस्तू बिघडली तर दुसरी लगेच मिळत नाही. म्हणून तिची निगा राखणे हे गावाच्या विश्वासाचे रक्षण करण्यासारखेच आहे.

उष्णता कोठून येते व कोठे जाते ?

लॅपटॉपमध्ये गणन करणारा जो मुख्य भाग असतो त्यास प्रोसेसर म्हणतात. अंगठ्याच्या नखाएवढ्या या तुकड्यातून वीज वाहत असते, आणि तो वापरीत असलेली जवळजवळ सर्व वीज शेवटी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. साध्या लॅपटॉपच्या प्रोसेसरसाठी १५ वॅट हा अंक सामान्यतः धरला जातो. जड कामाच्या यंत्रांत तो ४५ वॅट किंवा त्याहूनही अधिक असतो. १५ वॅट ही उष्णता थोडी वाटते. परंतु ती एवढ्याशा जागेत सतत निर्माण होत असल्याने तिला वाट मिळाली नाही तर तापमान काही क्षणांतच चढते.

ही वाट कशी केलेली असते ते पाहावे. प्रोसेसरवर तांब्याची एक चपटी नळी बसविलेली असते. दोहोंमधील सूक्ष्म फटी भरण्यासाठी उष्णतावाहक लेप, म्हणजे थर्मल पेस्ट, लावलेला असतो. नळीच्या पोकळीत अगदी थोडा द्रव असतो. उष्ण टोकाशी त्या द्रवाची वाफ होते, वाफ थंड टोकाकडे जाते, तेथे तिचे पुन्हा पाणी होते व ते मागे येते. पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते, हा अनुभव आपल्या घरातील रांजणाने प्रत्येकास दिलेलाच आहे. येथे तेच तत्त्व बंद नळीत योजलेले आहे. नळीच्या थंड टोकाला धातूच्या पातळ पत्र्यांची दाट जाळी असते. छोटा पंखा बहुधा तळाच्या छिद्रांतून हवा आत ओढतो व जाळीतून बाजूने किंवा मागून बाहेर फेकतो.

म्हणजे उष्णतेचा प्रवास असा : प्रोसेसर, लेप, नळी, जाळी, वारा, आणि शेवटी खोलीतील हवा. या साखळीतील एक जरी कडी अडली तरी यंत्र तापते. लॅपटॉपच्या तापावरील सर्व उपाय याच एका गोष्टीत सामावलेले आहेत : उष्णतेची वाट मोकळी ठेवणे.

आपल्या भागात हा त्रास अधिक का ?

पहिले कारण हवा. नांदेड गोदावरीच्या खोऱ्यात आहे, तर लातूरचा पुष्कळसा भाग बालाघाटच्या पठारावर आहे. त्यामुळे दोहोंच्या उन्हाळ्यात थोडाफार फरक पडतो. तथापि एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जाणे हे दोन्हीकडे नवल नाही. बरेच उत्पादक आपला लॅपटॉप ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरावा असे सांगतात. आपली दुपार ही मर्यादा सहज ओलांडते.

याचा परिणाम साध्या हिशेबाने समजेल. समजा, एखाद्या कामात प्रोसेसर खोलीतील हवेपेक्षा ५० अंशांनी अधिक तापतो. हवा २८ अंश असताना तो ७८ अंशांवर राहील. तेच काम ४२ अंशांच्या खोलीत केले तर तो ९२ अंशांवर जाईल. बहुतेक प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. ती जवळ आली की यंत्र स्वतःचा वेग कमी करून घेते. तेवढ्यानेही भागले नाही तर स्वतः बंद होते. म्हणजे संथपणा व एकाएकी बंद पडणे हा पुष्कळदा यंत्राने स्वतःच्या रक्षणासाठी केलेला उपाय असतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. छताच्या पंख्याखाली माणसास गार वाटते, म्हणून यंत्रही गार होत असेल असे समजले जाते. पंख्याने हवा थंड होत नाही. आपला घाम लवकर वाळतो म्हणून आपणांस गार वाटते. लॅपटॉपला घाम येत नाही. फिरत्या वाऱ्याचा त्यास लाभ होतो हे खरे, परंतु ४२ अंशांच्या खोलीत तो वारा ४२ अंशांचाच असतो.

दुसरे कारण छप्पर. माळवदाच्या जुन्या घरात दुपारीही गारवा असतो, कारण मातीचा जाड थर ऊन सावकाश आत येऊ देतो. पत्रा मात्र तासाभरात तापतो व खाली उष्णतेचे प्रारण करू लागतो. पत्र्याच्या खोलीतील टेबल, कपाट व त्यांवरील यंत्र अशा रीतीने वरूनही तापत असते.

तिसरे कारण धूळ. आपल्या काळ्या रानाची माती वाळली की तिची अतिशय बारीक पूड होते. त्यात सोयाबीन, तूर व हरभरा यांच्या मळणीच्या दिवसांत भुसा उडत असतो, आणि वर्गात खडूची पूड असतेच. ही सर्व धूळ पंख्याबरोबर आत जाते व जाळीच्या तोंडाशी नमद्यासारखी बसते. बाहेरून यंत्र स्वच्छ दिसते. आतून त्याचा श्वास कोंडलेला असतो.

निदान कसे करावे ?

औषधापूर्वी निदान व्हावे. यंत्र चालू करून पंधरा-वीस मिनिटे नेहमीचे काम करावे व ज्या बाजूने हवा बाहेर पडते तेथे तळहात धरावा.

१. हवा जोराची व चांगली उष्ण असेल, तर उष्णतेची वाट बहुधा मोकळी आहे. काम जड आहे किंवा खोली तापलेली आहे.

२. हवा अगदी मंद व यंत्राचे अंग मात्र तप्त असेल, तर जाळी धुळीने भरली आहे असे समजावे.

३. पंख्याचा खडखड किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल, तर पंखा झिजला आहे अथवा त्यात काही अडकले आहे. यंत्र तापूनही हवा मुळीच येत नसेल, तर पंखा बंद पडला असण्याचा संभव आहे. मात्र काही लॅपटॉप मुळातच बिनपंख्याचे असतात. त्यांच्या अंगावर हवा सोडण्याची जाळी नसते.

४. पंखा जोरात फिरत असून हवा कोमटच येते आणि तरीही यंत्र बंद पडते, तर उष्णता जाळीपर्यंत पोहोचतच नाही. लेप वाळला असावा. हे काम कारागिराचे आहे.

प्रत्येक संथपणा तापामुळेच येतो असे मात्र नाही. सकाळी सात वाजता, यंत्र थंड असतानाही ते संथ चालत असेल, तर कारण दुसरे असावे. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या असता टास्क मॅनेजर उघडतो. कोणता प्रोग्रॅम प्रोसेसरचा वा स्मृतीचा अधिक भाग व्यापीत आहे ते तेथे दिसते. अनावश्यक प्रोग्रॅम बंद केल्याने वेग वाढतो व तापही उतरतो.

यंत्र फार तापल्यास

चालू काम तत्काळ साठवावे. चार्जर काढावा, यंत्र रीतसर बंद करावे, आणि सावलीत, कठीण व सपाट जागी, झाकण उघडे ठेवून अर्धा तास राहू द्यावे. ओले फडके गुंडाळणे, माठावर ठेवणे, शीतपेटीत ठेवणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. तप्त वस्तू एकाएकी थंड केल्यास आत दव जमते. ओलाव्याने होणारे नुकसान उष्णतेच्या नुकसानीपेक्षा मोठे असू शकते. पाण्याच्या कूलरचा झोतही थेट यंत्रावर घेऊ नये.

नित्याची काळजी

लॅपटॉप सतरंजी, गादी, उशी किंवा मांडीवर ठेवून काम करू नये. टेबलावर शोभेचे कापड असेल तर तेही काढावे, कारण पंख्याच्या ओढीने ते तळाच्या छिद्रांना चिकटते. यंत्राच्या मागील कडेखाली बोटभर जाडीच्या लाकडी पट्टीचे दोन तुकडे ठेवले, छिद्रे मोकळी राहिली, तर हवा सुलभतेने आत जाते. या उपायास खर्च काहीच नाही. बाजारात मिळणाऱ्या पंख्यांच्या बैठकीचाही थोडा उपयोग होतो. परंतु आतील जाळी कोंडलेली असेल तर बाहेरच्या पंख्याने ती मोकळी होत नाही.

जड कामे सकाळी करावीत. मोठ्या चित्रफिती दाखविणे, एकाच वेळी पुष्कळ पाने उघडून माहिती भरणे ही कामे सात ते दहा या वेळेत उरकली, तर यंत्रासही ते सोपे जाते व शिक्षकासही. पश्चिमेकडील भिंत दुपारी तापते. टेबल तिच्यापासून दूर, खिडकीच्या सावलीच्या बाजूस असावे.

पुष्कळ शिक्षक नांदेड, लातूर, उदगीर अशा गावांहून मोटारसायकलने शाळेवर जातात व लॅपटॉप पिशवीतून नेतात. झाकण मिटले म्हणजे यंत्र बंद झाले असे नव्हे. ते बहुधा झोपलेले असते, आणि पिशवीतच जागे झाले तर कोंडलेल्या हवेत भलतेच तापते. प्रवासापूर्वी ते पूर्णपणे बंद करावे. उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत ते कधीही ठेवू नये.

प्रोसेसरचा जोर थोडा आवरण्याचीही सोय असते. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ हा पर्याय दिसत असल्यास १०० च्या जागी ९९ हा अंक घालावा. त्यामुळे मूळ वेगापेक्षा अधिक वेगाने धावण्याची प्रोसेसरची सवय साधारणपणे थांबते. तक्ते भरणे, पत्र लिहिणे या कामांत फरक फारसा जाणवत नाही, ताप मात्र उतरतो.

सफाईची रीत

बाहेरील छिद्रे दर महिन्यास व आतील भाग वर्षातून एकदा, शक्यतो उन्हाळा लागण्यापूर्वी, साफ व्हावा. मळणीच्या हंगामानंतरही एकदा पाहावे.

सफाईपूर्वी यंत्र पूर्ण बंद करावे, चार्जर काढावा, बॅटरी सुटी होत असल्यास तीही काढावी. मऊ, कोरड्या कुंचल्याने छिद्रांवरील धूळ झाडावी. नंतर रबरी फुंकणीने, थांबून थांबून, हवा बाहेर पडण्याच्या बाजूने वारा मारावा. तोंडाने फुंकू नये. फुंकरीत ओलावा असतो. पंक्चरच्या दुकानातील हवेची नळीही लावू नये. त्या हवेत पाणी व तेलाचा अंश असू शकतो, शिवाय तिच्या जोराने पंख्याची पाती भलत्या वेगाने फिरून मोडण्याचा धोका असतो.

यंत्राचा तळ उघडण्याचे काम ज्यास त्याची माहिती आहे त्यानेच करावे. हमीची मुदत शिल्लक असल्यास ते अधिकृत दुरुस्ती केंद्राकडेच द्यावे. उघडताना प्रत्येक स्क्रू कोणत्या जागेचा हे कागदावर आकृती काढून त्या त्या ठिकाणी ठेवावे, कारण त्यांची लांबी सारखी नसते. पंख्याची पाती काडीने हलकेच अडवून धरावी व मगच धूळ झाडावी. जाळी व पंखा यांच्यामध्ये बसलेला नमदा चिमट्याने उचलून काढता येतो. पुष्कळदा एवढ्यानेच यंत्र पूर्ववत चालू लागते. थर्मल पेस्ट बदलावयाची झाल्यास ती कारागिराकडून बदलून घ्यावी. तिच्याऐवजी टूथपेस्ट वा वंगण लावणे हा उपाय नव्हे, अपाय आहे.

यंत्र शाळेच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीतील असल्याने दुरुस्तीचा विषय शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावा. सफाई केव्हा झाली, कोणता भाग बदलला, याची नोंद वहीत असावी. शिक्षकाची बदली झाली तरी ती वही शाळेत राहते व नव्या शिक्षकास उपयोगी पडते.

बॅटरीविषयी सावधगिरी

तापाने सर्वांत लवकर झिजते ती बॅटरी. पूर्ण भरलेली लिथियम बॅटरी उष्ण जागी दीर्घकाळ राहिली तर तिची शक्ती झपाट्याने घटते. ज्या लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांवर भरणे थांबविण्याची सोय आहे, तेथे ती अवश्य वापरावी.

बॅटरी फुगली असेल तर गोष्ट गंभीर आहे. स्पर्शपट्टी वर उचललेली दिसणे, कळफलक मध्येच फुगणे, झाकण नीट न मिटणे, तळाशी फट पडणे ही तिची लक्षणे होत. असे यंत्र त्या क्षणी बंद करावे, पुन्हा चार्जिंगला लावू नये, आणि मुलांच्या हाती तर मुळीच देऊ नये. फुगवटा दाबून बसविण्याचा किंवा टोचण्याचा प्रयत्न केल्यास आग लागू शकते. धूर दिसल्यास प्रथम मुलांना बाहेर काढावे, शक्य असल्यास मेन स्विच बंद करावा व अग्निशमन दलास कळवावे. यंत्र वाचविण्याच्या नादी लागू नये. निकामी बॅटरी भंगारात किंवा उकिरड्यावर टाकू नये. ती अधिकृत संकलन केंद्राकडेच जावी.

उन्हाळी सुटीत

शाळा बंद झाली की लॅपटॉप लोखंडी कपाटात पडून राहतो, आणि पत्र्याखालील लोखंडी कपाट मे महिन्यात भट्टीसारखे तापते. शक्य असल्यास मुख्याध्यापकांच्या जबाबदारीवर, रीतसर नोंद करून, यंत्र स्लॅबच्या किंवा माळवदाच्या खोलीत ठेवावे. ठेवताना बॅटरी साधारण निम्मी भरलेली असावी. पूर्ण भरलेली नसावी व पूर्ण रिकामीही नसावी. महिन्याने एकदा पाहून ती फारच उतरली असल्यास थोडी भरावी. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी एक दिवस आधी यंत्र चालू करून पाहिले, तर पहिल्या दिवशीची धांदल टळते.

वर्गात याचा उपयोग

उच्च प्राथमिक वर्गांत उष्णतेचे वहन, अभिसरण व प्रारण शिकविले जाते. लॅपटॉप हे तिन्हींचे उदाहरण आहे : तांब्यातून वहन, हवेतून अभिसरण, आणि तप्त पत्र्याकडून येणारे प्रारण. सोबत एक सोपा प्रयोग करून दाखवावा. सारख्या आकाराच्या तीन पेल्यांत सारखेच गरम, पण हात पोळणार नाही असे, पाणी घेऊन तिन्हींवर झाकणी ठेवावी. एक पेला गोधडीत गुंडाळावा, दुसरा नुसता ठेवावा, तिसऱ्यास पुठ्ठ्याने वारा घालावा. दर पाच मिनिटांनी तापमापीने पारा मोजून मुलांकडून फळ्यावर तक्ता लिहून घ्यावा. गोधडीतील पाणी सर्वांत उशिरा निवते हे मुलांस स्वतःच दिसेल. मग धुळीने कोंडलेला लॅपटॉप म्हणजे गोधडी पांघरलेला पेला होय, हे सांगावयास शब्द फारसे लागणार नाहीत.

ज्या शाळेत हा पाठ झाला, तेथे यंत्राखाली सतरंजी दिसली तर एखादे मूलच ती ओढून काढील. शिक्षकाची बदली होईल, कारागीर दूर तालुक्याच्या गावी असेल. परंतु गावाच्या वर्गणीतून आलेल्या वस्तूवर मुलांचीच नजर राहिली, तर ती उन्हाळ्यामागून उन्हाळे त्यांच्या उपयोगी पडत राहील.